नावाचा रकाना

दर जानेवारीत नोंदणी कार्यालयातून वर्तमानपत्रांना एक यादी जाते. सरलेल्या वर्षात शहरात जन्मलेल्या मुलांची सगळ्यांत जास्त वेळा आलेली नावं: वीस मुलांची, वीस मुलींची. ही यादी एकोणीस वर्षं मोठ्या बाई करत होत्या. कार्यालयातल्या त्या सगळ्यांत जुन्या लिपिक. निवृत्तीला दोन वर्षंही उरली नव्हती. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणत.

या वर्षी त्यांनी यादीला तिसरा भाग जोडला. मथळा दिला, 'परत आलेली नावं'. चाळीस वर्षं जन्माच्या वहीत न आलेली आणि आता वर्षभरात दहापेक्षा जास्त वेळा आलेली अकरा नावं त्यांना सापडली होती. आकडे त्यांनी दोनदा तपासले. अकरावं नाव मुलीचं होतं. तीन अक्षरी, भारदस्त, शेवटी 'बाई' लावल्याशिवाय पुरं न वाटणारं. ते नाव मोठ्या बाईंच्या घरात एकतीस वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. वर्षभरात ते बारा वेळा आलं होतं, म्हणून यादीत गेलं. नऊ वेळा आलं असतं तर गेलं नसतं.

यादी छापून आली. सून तेव्हा सातव्या महिन्यात होती. तिनं ती फोनवर वाचली, नवऱ्याला दाखवली, आणि दोघांनी अकरावं नाव पक्कं केलं. सासूच्याच हाताखालून गेलेली यादी आहे, म्हणजे सासूबाईंना आनंदच होईल, असं तिला वाटलं होतं. नंतर तिनं तसं एकदा बोलूनही दाखवलं.

मार्चमध्ये मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मुलानं नाव सांगितलं. मोठ्या बाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"ते सोडून दुसरं कुठलंही ठेवा," त्या म्हणाल्या.

मुलानं कारण विचारलं. त्यांनी दुपट्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली. मुलगा हसण्यावारी न्यायला बघत म्हणाला, की तूच छापलंस आणि तूच नको म्हणतेस, हे म्हणजे हलवायानंच मिठाईला नाकं मुरडावीत तसं झालं. त्या हसल्या नाहीत. त्यांचे यजमान खिडकीशी रेडिओ उघडून बसले होते. त्यांना विचारल्यावर ते म्हणाले, "तुम्ही काय ते ठरवा, मी सही करतो." आता त्यांच्या सहीची गरज नव्हती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. हेच वाक्य ते एकतीस वर्षांपूर्वीही म्हणाले होते.

या बाळाची जन्मनोंद दवाखान्यानं केली, पण नावाचा रकाना रिकामा राहिला. नियम असा की नाव वर्षभरात येऊन भरता येतं. आई किंवा वडिलांपैकी एकाची सही लागते. ऑगस्ट उजाडला. बाळ पाच महिन्यांचं झालं, पालथं पडायला लागलं. घरात सगळे तिला बाळ म्हणत. फक्त दुपारी, दार लोटून घेतल्यावर, आतल्या खोलीत सून हलक्या आवाजात तिला त्या नावानं हाक मारायची. शनिवारी अर्ध्या दिवसानं घरी आलेल्या मोठ्या बाईंच्या चपला वाजल्या की हाक थांबायची. ते त्यांना ऐकू येत असे. त्या काही बोलत नसत. सूनही बोलत नसे. पाण्याचं पिंप भरलं का, किल्ली कुठे आहे, एवढंच बोलणं दोघींत उरलं होतं.

कार्यालयात जन्म आणि मृत्यू एकाच खोलीत नोंदले जातात. दाराच्या डाव्या हाताला जन्माचं टेबल, उजव्या हाताला मृत्यूचं. मधे एक बाक. जन्माच्या काउंटरवर बसणारी मुलगी सत्ताविशीची होती आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. तिचं नाव दोन अक्षरी, हलकं होतं. ते एकतीस वर्षांपूर्वी अगदी नवीन होतं, पुढं पंधरा वर्षं प्रत्येक वर्गात त्या नावाच्या तिघी-तिघी निघत, आणि आता ते फक्त आईच्या रकान्यात सापडतं. मोठ्या बाई तिला नावानं हाक मारत नसत. 'अगं' म्हणत.

जुन्या नावांची लाट पहिल्यांदा लक्षात आली ती तिच्याच. एकदा ती म्हणाली होती, "मोठ्या बाई, सकाळी त्या टेबलावरून गेलेली आजी दुपारी या टेबलावर परत आली बघा." ते खरं होतं. उजव्या टेबलावर रोज येणारी नावं डाव्या टेबलावर यायला लागली होती. त्याच आठवड्यात एक जोडपं आलं, सोबत मुलाची आई. नाव सांगितल्यावर ती म्हातारी बाकावरून उठून काउंटरशी आली आणि म्हणाली, की माझं नाव आहे ते, पासष्ट वर्षं वापरलंय, कसं निघतं ते मला विचारा. शाळेत पोरांनी जीव नकोसा केला होता. जोडपं हसलं. मुलगा म्हणाला, "आई, आता तेच चालतंय." म्हातारी पुन्हा बाकावर बसली. नोंद झाली. जाताना मात्र तिनं प्रमाणपत्र मागून घेतलं आणि दारात उभी राहून बराच वेळ वाचलं.

जुलैपासून जुन्या वह्या संगणकात चढवण्याचं काम सुरू होतं. जाड पुठ्ठ्याच्या, लाल कापडी पाठीच्या वह्या. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं टंकायचं. जुनं अक्षर नव्या लोकांना लागत नाही म्हणून निवृत्त झालेल्या एका लिपिकाला सहा महिन्यांसाठी परत बोलावलं होतं. भिंग डोळ्याला लावून ते वाचत, त्यामुळे पहिल्याच दिवशी त्यांचे भिंगकाका झाले. पूर्वी जन्माचं टेबल त्यांच्याकडेच होतं. मोठ्या बाई नवीन लागल्या तेव्हा शिक्का कसा धरायचा हे त्यांनीच शिकवलं होतं.

वह्या चार जणांत वाटल्या होत्या. एकतीस वर्षांपूर्वीची वही वाटणीत दुसऱ्याकडे गेली होती. मोठ्या बाईंनी ती मागून घेतली आणि बदल्यात दोन वह्या दिल्या. कुणी कारण विचारलं नाही. एकीच्या बदल्यात दोन सोडणाऱ्याला कोण विचारतं?

त्या वहीत, आठशे त्रेसष्टाव्या क्रमांकावर, त्यांची पहिली मुलगी होती.

ती दहा महिने जगली. त्या दहा महिन्यांत तिचं नाव ठरलं नाही. सासूबाईंना आपल्या आईचं नाव ठेवायचं होतं, तेच तीन अक्षरी, भारदस्त. मोठ्या बाईंना, तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या, दोन अक्षरी नवीन नाव हवं होतं. सासूबाई बाळाला एका नावानं बोलवत, त्या दुसऱ्या. बाळ दोन्ही हाकांना मान वळवायचं. कार्यालयात तेव्हाचे भिंगकाका दर आठ दिवसांनी विचारत, "ठरलं का नाव? का घरात समिती बसवलीय?" दोघींपैकी कुणी माघार घेईना. मग एका शुक्रवारी बाळाचं अंग तापलं आणि रविवारी दुपारी दवाखान्यात ते गेलं. मृत्यूच्या वहीत नावाच्या जागी 'अनाम, मुलगी, वय दहा महिने' एवढं लिहिलं गेलं. त्या दोन्ही नावांपैकी एकही पुढे घरात कुणी घेतलं नाही. तीन वर्षांनी मुलगा झाला. त्याचं नाव दवाखान्यातून बाहेर पडायच्या आत लिहून झालं, पहिलं सुचलं ते. सासूबाई त्यानंतर एकोणीस वर्षं जगल्या. दोघींत भांडण कधी झालं नाही. दूध तापवलं का, दार लावलं का, इतकंच.

मुलाला आपल्याला एक मोठी बहीण होती आणि ती लहानपणीच गेली, एवढंच माहीत होतं. नावाचं माहीत नव्हतं. सांगण्यासारखं नावच नव्हतं.

वाचण्या-टंकण्याचा वेग सुरुवातीला दिवसाला साठ नोंदींचा होता. सहाशेच्या पुढे गेल्यावर तो चाळीसवर आला. आठशेनंतर पंचवीस. भिंगकाका चहाला उठत, भिंग पुसत, शाई फुटलीय म्हणत एकेका ओळीवर रेंगाळत. मोठ्या बाईंना वाटलं, वय झालं. नोंद कुठे आहे हे त्यांनाही आठवत असणार असंही एकदा मनात आलं, पण तो रकाना रिकामा होता आणि रिकामा रकाना वाचायला कितीसा वेळ लागतो, म्हणून त्यांनी तो विचार बाजूला ठेवला.

कार्यालयाचा एक जुना दंडक होता. स्वतःच्या घरातली नोंद स्वतः करायची नाही, दुसऱ्याच्या हातानं करून घ्यायची. त्यामुळे गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला, आठशे बासष्ट झाल्यावर, मोठ्या बाई खुर्चीवरून उठल्या आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या, "अगं, एक नोंद टंकून जा." बाकावर कुणी नव्हतं. ती येऊन बसली. मोठ्या बाई लोखंडी कपाटाला टेकून उभ्या राहिल्या.

भिंगकाकांनी तारीख वाचली. लिंग वाचलं. मग ते थांबले.

"बाई, रकाना रिकामा नाही," ते म्हणाले. "पेन्सिल आहे. माझ्याच हातची."

मोठ्या बाई पुढे आल्या नाहीत. काय आहे, असंही त्यांनी विचारलं नाही. भिंगकाकांनी भिंग वहीवर ठेवलं आणि खाली बघतच सांगायला लागले. त्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी, गुरुवारीच, सासूबाई कार्यालयात आल्या होत्या. मोठ्या बाई मासिक अहवालासाठी शनिवारपर्यंत मुख्य कार्यालयात होत्या, हे बघूनच आल्या असाव्यात. बाळ कडेवर होतं. त्यांनी बाळाला टेबलावर बसवलं आणि म्हणाल्या, सुनेला जे हवं ते लिहून टाका, मला परत विचारू नका. भिंगकाकांनी सांगितलं, की आजीच्या सांगण्यावर लिहिता येत नाही, आईची नाहीतर वडिलांची सही लागेल. सासूबाई म्हणाल्या, तुम्ही लिहा, सोमवारी ती येईल तेव्हा सही घ्या, आणि मी आले होते हे सांगू नका. "म्हणून मी पेन्सिलीनं लिहून ठेवलं. सोमवारी शाई फिरवायची होती."

सोमवारी त्या घराची नोंद दुसऱ्या टेबलावर आली होती.

"मग सांगायचं राहिलं," भिंगकाका म्हणाले. "नंतर सांगून काय उपयोग, असं वाटलं. आणि त्यांनी सांगू नका म्हटलं होतं."

काउंटरवरच्या मुलीनं वहीत डोकावून बघितलं. "माझं नाव आहे की," ती म्हणाली. मग तिनं हात पुन्हा कळफलकावर ठेवले.

मोठ्या बाईंनी विचारलं, "बाळानं शिक्क्याच्या पॅडला हात लावला होता का?"

भिंगकाकांना आठवायला वेळ लागला. "हो," ते म्हणाले. "थापटच मारली होती. पुसायला फडकं शोधत होतो आम्ही."

त्या गुरुवारी संध्याकाळी घरी गेल्यावर बाळाचा उजवा तळवा निळा दिसला होता. त्यांनी सासूबाईंना विचारलं होतं. शेजारच्या पोराची दौत सांडली, असं उत्तर मिळालं होतं. पोरीकडे लक्ष द्यायला काय होतं, असं त्या सासूबाईंना बोलल्या होत्या आणि साबण लावून तळवा घासला होता. निळा रंग पूर्ण गेला नव्हता. रविवारीही बोटांच्या पेरांत थोडा होता.

खोलीत पंख्याचा आवाज होता. मृत्यूच्या टेबलावरचा लिपिक शिक्के मारत होता. मोठ्या बाईंनी वाट बघितली. काही तरी वाटेल असं त्यांना वाटलं होतं. कपाटाचं लोखंड पाठीला गार लागत होतं, तेवढं कळत होतं.

भिंगकाकांनी खिशातून पेन काढलं. "शाई फिरवू का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "कोण बघतंय? हात माझाच आहे, अक्षर माझंच. सोमवारचं काम आज केलं म्हणायचं."

"नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "पेन्सिल धरत नाहीत. सही नाही. नाव नोंदवलेलं नाही, असं टाका."

मुलीनं भिंगकाकांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. तिनं टंकलं. पुढचे रकाने झाले, वडिलांचं नाव, आईचं नाव, पत्ता. आईचं नाव टंकताना ती थबकली आणि मोठ्या बाईंकडे न बघता पुढे गेली. नोंद जतन झाली. ती उठून काउंटरवर परत गेली.

मोठ्या बाई खुर्चीवर बसल्या. आठशे चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट टंकून झाल्या. त्यांची एकही चूक झाली नाही. भिंगकाका आता भराभर वाचत होते. सदुसष्टाव्या नोंदीला मोठ्या बाई थांबल्या, उठल्या आणि काउंटरच्या बाहेरच्या बाजूला, लोक उभे राहतात तिथे जाऊन उभ्या राहिल्या.

त्या म्हणाल्या, मार्चमधली एक नोंद काढ, नाव भरायचं आहे. क्रमांक त्यांना पाठ होता. मुलीनं पडद्यावर नोंद काढली आणि वडिलांचं नाव वाचून वर बघितलं.

"मोठ्या बाई, ही तर तुमच्या नातीची."

"सूनबाईला हवं ते लिहायचं आहे."

मुलगी ओशाळली. म्हणाली, आजीच्या सांगण्यावर नाही घेता येत, आई किंवा वडिलांची सही लागते, तुम्हीच तर पहिल्या दिवशी शिकवलंत. मग जरा विचार करून तिनं कच्च्या कागदांचा गठ्ठा पुढे ओढला. "असं करते. आता पेन्सिलीनं टिपून ठेवते, सोमवारी ते आले की सही घेते."

"पेन्सिलीनं नको," मोठ्या बाई म्हणाल्या.

त्यांनी तिथूनच मुलाला फोन लावला. तो दोन चौक पलीकडे चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून बसवायच्या कामावर होता. आई कामाच्या वेळेत कधी फोन करत नसे, म्हणून त्यानं आधी घरी सगळं ठीक आहे ना, ते विचारलं. त्या म्हणाल्या, "सगळं ठीक आहे. सही करायला ये. पाचच्या आत ये." गिऱ्हाईक आहे, उद्या आलो तर चालेल का, असं त्यानं विचारलं. त्या म्हणाल्या, "उद्या नाही. आज."

तो चार चाळीसला आला. अंगावर दुकानाचा पांढरा डगला तसाच होता, बाहीला घासकामाची पूड. घाईनं जिना चढल्यामुळे धापा टाकत होता. त्यानं आधी आईचा चेहरा न्याहाळला. त्यात काही सापडलं नाही, तेव्हा काउंटरकडे वळला. मुलीनं अर्ज पुढे सरकवला.

"नाव?" तिनं विचारलं.

मुलानं पुन्हा आईकडे बघितलं. पाच महिन्यांत ते नाव आईसमोर घ्यायचं नाही अशी त्याला सवय लागली होती. 

मोठ्या बाईंनी नाव सांगितलं. तीन अक्षरं, स्पष्ट, मधे न थांबता. नोंदी पडताळताना त्या वाचत तशीच.

"आई, नक्की ना?" मुलगा म्हणाला. "तुला चालणार नसेल तर आम्ही दुसरं बघतोय. खरंच. ती काही हट्ट करणार नाही."

"ती करणार नाही, माहीत आहे," त्या म्हणाल्या. "सही कर. पाचला बंद होतं."

त्यानं खिशातलं पेन काढलं. मोठ्या बाईंनी ते हातात घेऊन रद्दीच्या कागदावर एक रेघ मारून बघितली. शाईचं होतं. त्यांनी ते परत दिलं. त्यानं सही केली. मुलीनं शिक्का मारला, नाव टंकलं, दोन प्रती छापल्या. मुलानं एक प्रत घडी न घालता डगल्याच्या आत सरळ धरली. काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, की घरी मी सांगू का तू सांगतेस?

"तू सांग," मोठ्या बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "नाही. थांब. मीच सांगते. मी घरी आले की सांगते."

तो जिना उतरून गेला. आतल्या टेबलावर भिंगकाकांनी वही मिटली होती आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून ते बसले होते. उद्या सदुसष्टापासून, असं त्या त्यांना म्हणाल्या. त्यांनी मान हलवली.

"जुनं आहे," काउंटरवरची मुलगी अर्ज फायलीत लावत म्हणाली, "पण सध्या चालतंय. या महिन्यातलं चौथं."

मोठ्या बाईंनी खण उघडून पुढच्या जानेवारीच्या यादीचा कागद काढला. त्या नावापुढे या महिन्याच्या चौकटीत तीन रेघा होत्या. त्यांनी चौथी ओढली, खण लावला आणि पाच वाजेपर्यंत बसून राहिल्या.